आण्णांना ऐकू जाईल असं खोकं

बास गिटार वाजवणाऱ्याची अवस्था पंगतीत पाणी वाढणाऱ्यासारखी असते. तो असतो तोवर कुणी ढुंकून बघत नाही, आणि नसला की ठसका लागल्यावर सगळे ओरडतात. आमच्या बँडमध्ये हे काम माझ्याकडे आहे. बँड म्हणजे कुपवाडच्या आमच्या कारखान्यातली चार माणसं. मी तिथं पंपाच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते, बाकीचे तिघं लेथवर आणि स्टोअरमध्ये. आम्ही गणपतीत वाजवतो, सोसायट्यांच्या स्नेहसंमेलनात वाजवतो, आणि एकदा तर बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजच्या उद्घाटनाला वाजवलं. मालकाच्या हट्टापायी आत, थंडीत. ड्रमवाल्याच्या काड्या त्या दिवशी हातातून सुटल्या नाहीत, कारण बोटं आखडली होती.

कार्यक्रम संपला की लोक विचारतात, "ताई, तुमचं कुठलं वाजत हुतं?" मी गिटार दाखवते. "हां, ते मोठं व्हय. दिसत हुतं की. आवाज काय आला न्हाई." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण स्पीकरचं मोठं खोकं मी बनवायला घेतलं ते या लोकांसाठी नाही. ते घेतलं आण्णांसाठी.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते तोफखान्यात होते. तोफांनी शत्रूचं काय केलं मला माहीत नाही, आण्णांचे कान मात्र घेतले. निवृत्त होऊन शिराळ्याकडच्या आमच्या गावी आले तेव्हा थोडंफार ऐकू येत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी भजनी मंडळात पखवाज धरला. लयीला असे पक्के, की एखादा टाळकरी पुढं पळाला तर भजन थांबवून त्याला पहिल्यापासून घ्यायला लावायचे. देव ताटकळला तरी चालेल, लय सुटता कामा नये. मग उरलेलं ऐकूही गेलं. एका सप्त्यात त्यांना स्वतःचाच पखवाज ऐकू येईना. त्यांनी तो गळ्यातून काढला आणि खुंटीला लावला, तो अजून तिथंच आहे.

आता आण्णा आणि आई माझ्याकडे सांगलीत असतात. आम्ही आण्णांसाठी कानाचं यंत्र आणलं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते टीव्हीखालच्या कप्प्यात टाकलंय. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ते ओठ वाचतात. स्वतः मात्र समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात.

मी घरी सरावाला बसले की आण्णा समोरच्या खुर्चीत येऊन बसतात. संपलं की म्हणतात, "लय भारी." चुकलं तरी लय भारी, तार तुटली तरी लय भारी. एकदा मी गिटार नुसती फडक्यानं पुसत होते, तेव्हाही लय भारी. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढं राग यायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी वाईट वाटत होतं. मला मांडीवर घेऊन ताल शिकवला तो याच माणसानं. मी काय वाजवते ते एकदा त्यांना कळावं, एवढंच मला हवं होतं. बाकीच्या जगाला ऐकू गेलं नाही तरी चाललं असतं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ऊसतोड सुरू झाली की आमच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात. आण्णा भिंतीकडे तोंड करून बसलेले असले तरी म्हणतात, "उसाचा गेला. भरलेला हाय." कुकरची शिट्टी कळत नाही, दाराची बेल कळत नाही, आईची हाक तर मुळीच नाही. त्यातलं बहिरेपण किती आणि सोय किती, हा आईचा जुना संशय आहे. पण भरलेला ट्रॅक्टर कळतो. म्हणजे जाड, खालचे आवाज त्यांच्यापर्यंत कुठून तरी पोचत होते, पायातून म्हणा, बरगड्यांतून म्हणा. माझं वाद्य जाड आवाजाचंच. फक्त घरातला माझा स्पीकर एवढासा होता, सायकलवर उसाची मोळी न्यावी तसा. मला ट्रॅक्टर पाहिजे होता.

आमच्या कारखान्यामागे एक सुतार मिस्त्री आहेत. टीव्हीचं युनिट, देव्हारा आणि डीजेची खोकी, या तिन्हींत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि या तिन्हींत ते फारसा फरकही करत नाहीत. मी रीतसर ड्रॉइंग काढून नेलं. स्पीकरचं मोठं भोक, त्याच्याखाली हवेचं लहान भोक, सगळी मापं. मिस्त्रींनी कागद फिरवून फिरवून बघितला.

"ताई, ह्ये बारकं भोक कशाला?"

"हवा आतबाहेर व्हायला."

"स्पीकरला दम लागतो व्हय?"

"त्यानं खालचा आवाज नीट येतो."

"उंदीर जातील की त्यातनं."

मी त्यांना हवेचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना पटलं असं मी समजले. इतकी वर्षं कुपवाडात काढून माझी ही समजूत व्हावी, याचंच आश्चर्य वाटतं.

स्पीकर मिळाला तो एका जुन्या डीजेवाल्याकडे. तो धंदा सोडून आता द्राक्षबागांना औषध मारायचा ब्लोअर भाड्यानं देतो. "दोन्हीत वारंच मारायचं असतंय," असं त्याचं म्हणणं. आवाज आतल्या आत आपटू नये म्हणून खोक्याला आतून कापूस लावतात, त्यासाठी आईनं एक जुनी गादी फोडू दिली. पण अट घातली की कापूस परत मिळाला पाहिजे, तिला त्याच्या उशा करायच्या आहेत.

खोकं तयार झाल्यावर बघायला गेले तर त्याला खाली चार नक्षीदार पाय होते, अंगावर संगमरवरी डिझाइनचा सनमायका होता, आणि हवेच्या भोकावर स्टीलची बारीक जाळी, चारी बाजूंनी स्क्रू मारून.

"मिस्त्री, पाय कशाला?"

"खालनं केरसुणी फिराय नगं व्हय?"

"आणि ही जाळी?"

"जाळीचं पैसं काय लावलं न्हाई तुमाला," ते म्हणाले, माझ्यावर उपकार केल्यासारखे.

मी दात-ओठ खाऊन खोकं रिक्षात घातलं. मागच्या अख्ख्या सीटवर ते ऐसपैस बसलं आणि मी पुढं, ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर, एक पाय बाहेर काढून. सोसायटीच्या फाटकात वरच्या मजल्यावरचे काका भेटले. काका गुळाचे जुने अडते. आयुष्यभर ढेपेला बोट लावून प्रत सांगत आलेत, त्यामुळे कुठल्याही वस्तूला बोट लावल्याशिवाय त्यांना राहवत नाही. त्यांनी खोक्याला टिचकी मारली.

"पोकळ हाय," ते म्हणाले.

"पोकळच पाहिजे, काका."

"मग ठेवणार काय ह्यात?"

"आवाज."

काकांनी आणखी एक टिचकी मारून बघितली. रविवारी चाचणी आहे म्हटल्यावर, बोलावलं नसताना, येतो म्हणाले.

रविवारी सकाळी मिस्त्रीही आले. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून. "माझ्या हातचं खोकं हाय. छाती हादरली पायजे," असं त्यांनी काकांना बजावलं. आण्णा खुर्ची पुढं ओढून बसले होते, आंघोळ करून, केस विंचरून. मी त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश सांगितलं होतं, "आज तुम्हाला ऐकू येणार." त्यांनी मान हलवली. ते समजुतीचं होतं की विश्वासाचं, ते मला कळलं नाही.

मी वायरी जोडते तोवर आई ताम्हण घेऊन बाहेर आली.

"आई, हे काय?"

"पूजा. गाडी आणली तवा केली, घरघंटी आणली तवा केली. ह्यालाच काय झालंय?"

उभ्या खोक्याची पूजा होईना. जे लावावं ते घसरून खाली. मग आई आणि मिस्त्रींनी एक गोधडी अंथरली आणि तिच्यावर खोकं उताणं घातलं. स्पीकर तोंड वर करून पंख्याकडे बघायला लागला. काळं, गोल, मध्ये खोलगट तोंड. आईला त्यात ताटच दिसलं. पडदा कागदाचा आहे, जपून, असं मी म्हणेपर्यंत त्याच्यावर हळद पडली होती, कुंकू पडलं होतं, मूठभर अक्षता पडल्या होत्या, आणि मधोमध गणपती म्हणून सुपारी विराजमान झाली होती. हळद सांगलीची. घरात मुबलक, त्यामुळे हात आखडता घ्यायचा प्रश्न नव्हता. नारळ तेवढा मी उंबऱ्यावर फोडायला लावला. मिस्त्री तो खोक्याच्या कोपऱ्यावरच फोडायला निघाले होते, प्लायवूडची परीक्षा म्हणून.

"आता वाजीव," आई म्हणाली.

"आधी हे पुसून घेऊ दे."

"पूजा झाल्या झाल्या पुसत्यात व्हय कुठं? मांडलेलं हलवायचं नसतंय."

माझा संयम तिथं संपला. म्हटलं, होऊन जाऊ दे. आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि सगळ्यात जाड तार छेडली.

आधी गणपती उडाला. तो पंख्याच्या पात्याला लागून कुठं गेला ते अजून सापडलेलं नाही. त्याच्यामागून अक्षता उडाल्या, आणि शेवटी हळद-कुंकवाचा एक केशरी ढग वर आला आणि काय होतंय ते बघायला वाकलेल्या मिस्त्रींच्या शर्टावर बसला. काकांच्या टकलावरही चांगला थर जमला. ते शिंकले आणि म्हणाले, "मुहूर्त चांगला लागला." आई हसता हसता खालीच बसली. मिस्त्री स्वतःकडे बघत तसेच उभे होते, हळद लागलेला नवरदेव असतो तसे. मीही पोट धरून हसले आणि हसत हसत आण्णांकडे बघितलं.

आण्णा मांडीवर हात ठेवून वाट बघत होते. "वाजीव की," ते म्हणाले.

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी पुन्हा वाजवलं, आणखी जोरात. या वेळी मलाही नीट ऐकू आलं. रिकाम्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज, नुसता कर्कश. हा ट्रॅक्टर नव्हता, ट्रॅक्टरचा हॉर्न होता. आण्णांनी माझे हात थांबायची वाट बघितली. थांबले तसे म्हणाले, "लय भारी."

मला रडूच आलं. डोळ्यांत हळद गेली असं म्हणून मी तोंड फिरवलं आणि ओढणीनं डोळे पुसले. इतका खटाटोप करून मी होते तिथंच होते, वर घरात पाय असलेलं एक खोकं आलं होतं.

रडू आलं की मला भांडण लागतं. मी मिस्त्रींच्या जाळीला दोष दिला. मिस्त्रींनी माझ्या ड्रॉइंगमधल्या भोकाला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आम्ही दोघांनी एकमेकांना एकाच वेळी ऐकवली. काका म्हणाले, मालच हलका आहे. आई म्हणाली, सुपारी उडाली तिथंच तिला शंका आली होती.

भांडण ऐकू न येण्याचा एक फायदा असतो. माणूस मोकळा राहतो. आण्णा उठून खोक्याशी उकिडवे बसले. पडद्याच्या कडेला थोड्या अक्षता चिकटून राहिल्या होत्या. त्यांनी मला खूण केली, वाजव. मी रागारागानं तार ओढली. अक्षता टणाटण उड्या मारायला लागल्या. आण्णा डोळे बारीक करून बघत राहिले. मग त्यांनी दोन बोटांनी पडदा हलकाच दाबून बघितला आणि आईकडे तोंड करून हुकूम सोडला, "कणीक आण."

आईला वाटलं त्यांना भूक लागली. "आवं, आत्ता तर पोहं खाल्लं," असं पुटपुटत तिनं कालची चपाती गुळाबरोबर आणून दिली.

"चपाती न्हाई. कणीक. वली."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. तोंड जड झालं की त्याचा आवाज खाली उतरतो आणि घुमतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी आण्णांनी गोळा हातात घेऊन तो तळव्यावर थापला तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पडला तेव्हा मी ओरडले, "आण्णा, नको, कागद भिजेल." बहिऱ्या माणसावर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी गोळा पडद्याच्या मध्यभागी, सुपारीच्या जागी, घट्ट बसवला होता आणि अंगठ्यानं कडा दाबत होते. मी तार छेडायची, त्यांनी अक्षतांकडे बघायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा लावायची. त्यांचं तोंड तेव्हा सप्त्यात असायचं तसं झालं होतं, जरा वर उचललेलं, कुणाचीही पर्वा नसलेलं.

मग त्यांनी खोकं उभं करायला लावलं. मिस्त्रींनी गोधडी ओढून काढली आणि खोकं फरशीवर ठेवलं, त्यांच्या त्या नक्षीदार पायांवर. तेवढ्यात मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जाळी काढून टाकली. मिस्त्रींनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

आण्णांनी डावा हात खोक्याच्या डोक्यावर ठेवला. मी तार छेडली.

स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटल्या थरथरल्या. फरशीतून काहीतरी माझ्या तळपायात चढलं. वरच्या मजल्यावरून काकू खिडकीतून ओरडल्या, "आवं, ट्रॅक्टर फाटकाच्या आत आला काय?"

श्रेय घ्यायला लगेच झुंबड उडाली. मिस्त्री म्हणाले पायांमुळं झालं, आई म्हणाली पूजेमुळं, आणि काका म्हणाले त्यांनी टिचकी मारली तेव्हाच त्यांना कळलं होतं. मी कुणाचंच ऐकत नव्हते. आण्णांचे डोळे अर्धवट मिटले होते आणि खोक्यावरच्या हाताची बोटं हलत होती. मी रोज सराव करते तीच ओळ त्यांच्यासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुठल्या कार्यक्रमाला इतकी घाबरले नव्हते. संपलं. त्यांनी डोळे उघडले. मी लय भारीची वाट बघत होते.

"घाई करतीस," आण्णा म्हणाले.

"काय?"

"समेवर यायच्या आधीच पळतीस. दर बारीला. कुठं गाडी चुकाय लागलीया तुझी?"

बँडमध्ये मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथं मी कुणाला ऐकूच जात नव्हते. मी खाली बसले आणि ओढणीत तोंड घालून रडले आणि हसले. त्या दिवशी झाला तेवढा आनंद मला कुठल्या शाबासकीनं झालेला नाही. आण्णांना मी ऐकू गेले होते, आणि मी चुकत होते.

मग मला आठवलं. मी त्यांच्यासमोर जाऊन एकेक शब्द सावकाश म्हणाले, "मग इतके दिवस लय भारी, लय भारी म्हणत होतात, ते काय होतं?"

आण्णांनी ओठ वाचले. हाताला लागलेली कणीक ते नखानं खरवडत होते.

"मला काय कळत हुतं? तुझं तोंड बघायचो. वाजवून झालं आन् हसलीस, की म्हणायचो लय भारी."

"आणि नाही हसले तर?"

"तवा जरा मोठ्यानं म्हणायचो."

आण्णांनी उजव्या हाताची दोन बोटं खोक्याच्या संगमरवरी सनमायक्यावर टेकवली आणि ठेका द्यायला सुरुवात केली.

"घे. पयल्यापासनं."

मी पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्या फेरीला कणकेचा गोळा सुटला आणि उडून मिस्त्रींच्या शर्टावर, हळदीच्या बरोबर मधोमध जाऊन बसला. आई हसत सुटली. मी थांबणार होते, पण आण्णांनी ठेका सोडला नव्हता. दुसऱ्या हातानं ते मला खुणावत होते, सावकाश, सावकाश.